मोजल्याशिवाय ठरवलंस कसं?

काल तुझ्या घरी पाहुणे होते म्हणून गप्प बसले. विद्यार्थ्याला चारचौघांत बोलायचं नाही हा नियम मी चौतीस वर्षं पाळला, निवृत्त झाले म्हणून तो मोडणार नाही. पण बोलायचं ते बोलणारच आहे. लिहून बोलते, म्हणजे तुला मधेच "पण बाई" म्हणता येणार नाही. शेवटपर्यंत वाच.

ड्राय बाल्कनीच्या आखूड भिंतीवर तू पेन्सिलीने एक उभी चौकट काढून ठेवली आहेस. खाली वॉशिंग मशीन, वर ड्रायर. "एकावर एक ठेवलं की जागा वाचते, बाई," असं म्हणालास. मी विचारलं, उंची किती होईल? "असेल साडेपाच फूट." रुंदी? "दोन फुटांच्या आसपास." आणि खोली? त्यावर तू खिशातून फोन काढलास आणि मला कुठल्या तरी परदेशी घरातलं चित्र दाखवलंस. पांढरी भिंत, पांढरी यंत्रं, वर कुंडीत एक रोप.

असेल. आसपास. नववीच्या वर्गात एककाशिवाय आकडा लिहिला तर मी गुण कापत होते, आणि तू त्यावरून माझ्याशी भांडला होतास. आठवतं? मी तेव्हा सांगितलं होतं की एकक नसलेला आकडा म्हणजे माहिती नव्हे. आज तू इंजिनिअर आहेस. लाखभर रुपयांची दोन यंत्रं घ्यायला निघाला आहेस, ती पुढची दहा वर्षं तुझ्या आईंच्या रोजच्या कामाच्या जागेत उभी राहणार आहेत, आणि तुझ्याकडे एकही माप नाही. मला याचा राग आला आहे. तो लपवणार नाही.

ड्रायर घेऊ नकोस असं मी म्हणत नाही, हे आधी स्पष्ट करते. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये कपडे दोन दोन दिवस दांडीवर लोंबतात, मग अंगात घातले की ओलसर वास येतो. तुझ्या घरात तान्हं बाळ आहे, त्याच्या दुपट्यांचा ढीग मी पाहिला. गरज खरी आहे. एकावर एक यंत्र ठेवणंही मुळात चूक नाही. जगभर लाखो घरांत तसं ठेवतात आणि ती नीट चालतात. चूक ही आहे की तू आधी ठरवलंस आणि कारणं नंतर गोळा करायला लागलास. प्रयोगवहीत उत्तर आधी लिहून मग निरीक्षणं भरणारी मुलं मी पाहिली आहेत. तू त्यांतला नव्हतास.

आता माझ्याबरोबर हिशोब कर.

बाजारातली बहुतेक फ्रंट लोड मशीन आणि त्यांच्या जोडीचे ड्रायर साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ८५ सेंटिमीटर उंच असतात. दोन्ही एकावर एक ठेवली की १७०, मधल्या जोडणीच्या किटचे एखाद-दोन सेंटिमीटर धर, म्हणजे १७१ ते १७२. फुटांत पाच फूट साडेसात इंच. ड्रायरची बटणं त्याच्या माथ्याच्या पट्टीत असतात, म्हणजे जमिनीपासून १६० सेंटिमीटरच्या वर. ज्या ड्रायरमध्ये वाफेचं पाणी टाकीत साठतं, त्याची ती टाकीही बहुधा त्याच पट्टीत असते. भरली की तीनचार लिटर पाणी, म्हणजे तीनचार किलो वजन. ते डोक्याच्या उंचीवरून, आडवं, न सांडता बाहेर ओढायचं.

तुझ्या आई पाच फूट आहेत. १५२ सेंटिमीटर.

काल त्यांनी मला चहा दिला तेव्हा कप डाव्या हाताने पुढे केला. डाव्या हाताने पाहुण्याला काही देणाऱ्या त्या बाई नव्हेत, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. उजवा खांदा आखडला आहे त्यांचा. मी विचारलं तर म्हणाल्या, "दिवाळीपासून हात वर जात नाही." दिवाळीपासून! तू त्या घरात राहतोस. तुला हे माहीत आहे का? आणि माहीत असेल तर ती चौकट काढताना तुझी पेन्सिल थांबली कशी नाही?

मशीन कोण लावतं तुमच्याकडे? तू सकाळी आठला बाहेर पडतोस, तुझी बायको नऊला. दुपारी बाळ झोपलं की आई मशीन लावतात, कपडे काढतात, घड्या घालतात. कामाला येणाऱ्या मावशी फक्त भांडी-फरशी करतात. म्हणजे या यंत्रांपुढे रोज उभं राहणारी व्यक्ती एकच, आणि निर्णयात तिला कोणी विचारलं नाही. मी आईंना हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, "मुलगा बघतोय ना, त्याला कळतं त्यातलं." तुझ्यावर एवढा विश्वास टाकणाऱ्या माणसाची उंची तरी मोजायची होतीस.

वर ठेवलेल्या ड्रायरचं दार मात्र साधारण छातीशी येतं, कपडे काढायला वाकावं लागत नाही. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे हा खरा फायदा आहे आणि मी तो मान्य करते. पण ओले, जड कपडे खालच्या मशीनमधूनच काढायचे आहेत, तिथलं वाकणं सुटत नाही. टाकीवर उपाय असतो: बऱ्याच ड्रायरना नळी जोडून ते पाणी थेट मोरीत सोडता येतं. मग टाकी ओढायलाच नको. तू हे दुकानात विचारलंस? नाही विचारलंस. तू हप्ता किती बसेल ते विचारलंस.

आता यंत्राकडे येते, कारण तिथेही तू विज्ञान घरी ठेवून दुकानात गेलास. मला म्हणालास, "वजन खूप होईल का हो बाई, स्लॅबला?" ही तुझी एकुलती एक शंका होती आणि तीच बिनमहत्त्वाची. वॉशिंग मशीन सत्तरेक किलोचं, ड्रायर पन्नासच्या आसपास, पाणी आणि कपडे धरून दीडशे किलोच्या आत. दोन धडधाकट माणसं तिथे उभी राहिली तर एवढंच वजन होतं. नीट बांधलेला स्लॅब ते सहज पेलतो. काळजी वजनाची नाही, कंपनाची करायची.

पिळताना ड्रम फिरतो मिनिटाला १२०० वेळा, म्हणजे सेकंदाला वीस फेऱ्या. ड्रमची त्रिज्या पंचवीस सेंटिमीटर धर. कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या कर. कागद घेऊन कर, मी उत्तर देते म्हणून सोडू नकोस. सुमारे ३,९५० मीटर प्रति सेकंद वर्ग येतं. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या चारशेपट. आता घरातली ओली सोलापुरी चादर एका बाजूला गोळा झाली आणि फक्त अर्धा किलोचा असमतोल राहिला, तर दोनशे किलो वजनाएवढं बल मशीनला सेकंदाला वीस वेळा चारही दिशांना हिसके देतं. म्हणून मशीनच्या पोटात काँक्रीटचे ठोकळे घातलेले असतात, म्हणून आतला टब स्प्रिंगांवर टांगलेला आणि दट्ट्यांवर टेकवलेला असतो, म्हणून पिळण्याआधी ते थोडं थोडं फिरून कपडे पसरून घेतं आणि नाहीच जमलं तर पिळायचं थांबवतं. ड्रायर मात्र मिनिटाला पन्नासेक फेऱ्यांच्या वर जात नाही आणि त्याच्या पोटात काँक्रीट नसतं. हलका आणि शांत वर, जड आणि दांडगं खाली. उलटं कधीही नाही. आणि वरून कपडे टाकायचं टॉप लोड मशीन असेल तर विषयच संपला, त्याचं झाकण उघडणार कुठे? तुझं सध्याचं मशीन टॉप लोड आहे. "ते काही वर्षं चालवू, वर ड्रायर घेऊ," असं तुझी बायको काल म्हणत होती. तू तिला दुरुस्त केलं नाहीस. तुलाच ठाऊक नव्हतं, की ऐकलंच नाहीस?

एवढं बल पायांतून फरशीत उतरतं, म्हणून फरशी सपाट हवी आणि चारही पाय सारखे टेकलेले हवेत. आता ड्राय बाल्कनीची फरशी आठव. गवंड्याने तिथे मुद्दाम ढाळ दिलेला असतो, पाणी जाळीकडे वाहावं म्हणून. तुझ्याकडे तो चांगला ठळक आहे. काल बाळाचा चेंडू आपोआप जाळीकडे गडगडत गेला, आपण सगळ्यांनी पाहिला. चेंडू तुला उत्तर सांगत होता. एकटं मशीन अशा ढाळावर पाय वरखाली करून सरळ करता येतं. पण दोन यंत्रांचा मनोरा असेल तर तळाशी अर्ध्या सेंटिमीटरची चूक माथ्यावर दीड सेंटिमीटरची होते. साठ सेंटिमीटर रुंदीत अर्धा, तर एकशेसत्तर सेंटिमीटर उंचीत किती, हे समरूप त्रिकोणांचं गणित तू आठवीत केलं आहेस. पाणसळ आण. ड्रायर वर चढवण्यापूर्वी मशीनवर आडवी आणि उभी, दोन्हीकडे ठेवून बघ. पायांचे चेकनट घट्ट आवळ. तिथल्या टाइल बोटाने वाजवून बघ. पोकळ आवाज आला तर खाली माल नीट भरलेला नाही, त्या टाइलवर पाय आला की ती तडकेल.

माझ्या धाकट्या भावाकडे डोंबिवलीला काय झालं ते सांगते. मशीन एका कंपनीचं, ड्रायर दुसऱ्या कंपनीचा. बसवायला आलेल्या मुलाकडे जुळणारं किट नव्हतं. त्याने रबराच्या चार चकत्या ठेवल्या, वर ड्रायर ठेवला आणि "काही होत नाही काकू" म्हणून सही घेऊन गेला. तिसऱ्या आठवड्यात वहिनी स्वयंपाकघरात असताना आवाज आला. ड्रायर चार बोटं पुढे सरकून आला होता. बटण बंद करायला ती पुढे धावली, पन्नास किलोच्या त्या डब्याखाली! मी त्या दिवशी तिलाही बोलले आणि भावाला तिच्या दुप्पट बोलले. किट ही शोभेची वस्तू नव्हे. मशीनच्या माथ्याला आणि ड्रायरच्या तळाला एकमेकांत अडकवणारी ती एकमेव गोष्ट आहे. ते त्या कंपनीचं, त्या मॉडेलला चालणारं असावं लागतं, आणि दोन्ही यंत्रांची खोली जुळावी लागते. पंचावन्न सेंटिमीटर खोलीच्या मशीनवर पासष्टचा ड्रायर ठेवायचा विचारही करू नकोस.

आणि नवं मशीन आलं की पाठीमागचे वाहतुकीचे बोल्ट काढले का ते स्वतः मोज. प्रवासात टब हलू नये म्हणून ते लावलेले असतात. ते न काढता मशीन चालवलं की सगळी स्प्रिंगं बांधलेलीच राहतात आणि ते खोलीभर नाचतं. वर ड्रायर असताना ते नाचलं तर काय होईल, हे मी लिहिण्याची गरज नाही.

वीज. तुझ्या ड्राय बाल्कनीत एकच मोठा पॉइंट आहे, सोळा अँपिअरचा. त्यात तू काय करणार होतास? मल्टिप्लग. तोंडाने बोललास तू ते, माझ्यासमोर. मशीनचा पाणी तापवायचा हीटर दोन हजार वॅट, साधा ड्रायर अडीच हजारापर्यंत. साडेचार हजार भागिले दोनशेतीस. साडेएकोणीस अँपिअर, सोळाच्या पॉइंटमधून, ओल्या जागेत. विभव, धारा, शक्ती यांचं हे सूत्र मी तुला फळ्यावर उभं करून सोडवायला लावलं होतं, सबंध वर्गाने पाहिलं होतं. दोन यंत्रांना दोन स्वतंत्र पॉइंट, प्रत्येकाला बोर्डापासून आपली वायर, आपला एमसीबी, आणि घराला ३० मिलिअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी आहे की नाही ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे. अर्थिंग चालू आहे का तेही बघ. नव्या इमारतीत असणारच असं गृहीत धरू नकोस. पॉइंट यंत्राच्या पाठीमागे घेऊ नकोस, बाजूला घे. नळाचंही तेच. पाण्याची नळी फुटली तर तोटी बंद करायला सव्वाशे किलोचा मनोरा पुढे ओढणार कोण? आखडलेल्या खांद्याच्या आई?

आता ज्या गोष्टीने मला काल रात्री झोप लागली नाही, ती. तुझी पेन्सिलची चौकट पाइपगॅसच्या मीटरला झाकते. मीटर आणि त्याची बंद करायची कळ, दोन्ही त्या आखूड भिंतीवर आहेत. गॅसचा वास आला तर पहिलं काम ती कळ बंद करायची. ती ड्रायरच्या पाठीमागे गेली की हात पोचणार नाही. शिवाय त्याच कोपऱ्यात खाली राखीव सिलिंडर ठेवला आहेस. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो. पाइपमधला हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. म्हणजे खाली मशीनची मोटर आणि वर ड्रायरचा हीटर, दोन्ही पातळ्यांवर ठिणगीची सोय तू स्वतःच्या हाताने करतो आहेस. ही चौकट आजच पूस. बाकी सगळ्यावर वाद घाल हवा तर, यावर नाही.

आगीचं म्हणतेच आहे तर पुढेही ऐक. ड्रायरमध्ये कपड्यांतून कापसाचा बारीक भुगा सुटतो, त्याला लिंट म्हणतात. तो जाळीत अडकतो. जाळी प्रत्येक खेपेनंतर साफ करायची, दर आठवड्याला नव्हे. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळाचा अभ्यास केला होता. तिथल्या घरांत ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत होत्या, आणि सर्वांत मोठं कारण, सुमारे ३४ टक्के, साफसफाई न करणं हे होतं. लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात ऑगस्ट २०१६ मध्ये अठरा मजली इमारतीला आग लागली तीही एका फ्लॅटमधल्या सदोष ड्रायरमुळे. माणसांनी घाबरावं म्हणून हे सांगत नाही. ड्रायर चालू करून सगळ्यांनी बाहेर जायचं नाही, रात्री लावून झोपायचं नाही, एवढं घरात ठरलं पाहिजे म्हणून सांगते. आणि बघ, जाळी दाराच्या कडेला असते, वर ठेवलेल्या ड्रायरमध्ये ती आईंच्या डोळ्यांसमोर येते. खाली गुडघ्याशी असती तर रोज कोणी वाकून काढली नसती. इथे तुझा मनोरा जिंकतो. मी दोन्ही बाजू मांडते आहे हे लक्षात घे. तू एकच मांडली होतीस.

ड्रायर कोणता, हेही तू रंगावरून ठरवत होतास. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण पाऊण युनिटला थोडी कमी वीज लागते. बाष्पनाची सुप्त उष्णता, त्यातून सुटका नाही. सात किलो सुती कपडे १००० फेऱ्यांवर पिळले तर चार लिटरच्या आसपास पाणी आत राहतं, १४०० वर पिळले तर साडेतीनच्या. म्हणून जोरात पिळणारं मशीन घेणं ही ड्रायरच्या बिलातली पहिली बचत. साध्या हीटरचा ड्रायर एका भरलेल्या खेपेला चार युनिटच्या वर खातो. हीट पंपाचा तीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरतो, त्याचं दोन युनिटच्या आत भागतं, आणि तो एका वेळी ओढतोही हजार वॅटच्या आत. महाग असतो, आणि कपडे वाळायला वेळ जास्त घेतो. पण तान्ह्या बाळाच्या घरात पावसाळ्याचे चार महिने रोज एक खेप धरून तूच गुणाकार कर. आणि काच लावून पूर्ण बंद केलेल्या बाल्कनीत कुठलाही ड्रायर कोंडू नकोस. हे ड्रायर पाच ते पस्तीस अंशांच्या हवेत चालावेत असे बनवलेले असतात. वाफ बाहेर फेकणारा घेतलास तर त्याची चार इंची नळी खिडकीबाहेर काढावी लागेल, आणि ती शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर फुंकणार नाही हे बघावं लागेल.

एवढं सगळं बोलून मी मूळ प्रश्नावर येते. जागा वाचते, म्हणालास. कशासाठी वाचवतो आहेस?

तुम्ही सगळे बाहेर बसला होतात तेव्हा मी बाल्कनीत जाऊन विती टाकल्या. माझी वीत वीस सेंटिमीटरची आहे, शाळेत अनेकदा मोजली आहे. आखूड भिंत सहा विती आणि दोन बोटं, लांब भिंत दहाला जरा कमी. म्हणजे अंदाजे १२२ आणि १९८ सेंटिमीटर. दोन यंत्रं शेजारी शेजारी, मधे आणि कडेला फट सोडून, १२५ सेंटिमीटर लागतील. लांब भिंतीवर ती बसतात. वर तीन फुटांवर कडाप्पा टाकला तर घड्या घालायला ओटा मिळतो, बटणं पोटाशी येतात, मीटर मोकळा राहतो. आणि त्या भिंतीशी आत्ता काय आहे? दोन वर्षांची रद्दी. बंद पडलेला संगणक आणि त्याचं टेबल. एक व्यायामाची सायकल, तिच्यावर पायपुसणी वाळत घातलेली. ही अडगळ जिथल्या तिथे राहावी म्हणून तू यंत्रं एकमेकांच्या डोक्यावर चढवतो आहेस. आईंचा हात वर जात नाही आणि तुझ्याच्याने रद्दीवाल्याला फोन होत नाही. माझ्या रागाचं खरं कारण हे आहे.

तरीही शेजारी शेजारीच ठेव, असा हुकूम मी देत नाही, कारण एक मुद्दा तुझ्या बाजूने आहे आणि तो तुला माहीतही नाही. लांब भिंतीवर ठेवलेली यंत्रं नळीसकट पासष्ट सेंटिमीटर पुढे येतील. १२२ मधून ते वजा केले की उभं राहायला सत्तावन्न उरतात. त्यात दार पूर्ण उघडून, बादली ठेवून, खाली बसून कपडे काढायचे आहेत. दुखऱ्या गुडघ्यांना ते अपुरं पडू शकतं. पडलं तर एकावर एक ठेवणंच शहाणपणाचं, मात्र लांब भिंतीच्या मोरीकडच्या टोकाला, मीटर सोडून, जुळणाऱ्या किटने बांधून, वर भिंतीला पट्टीने अडकवून. कारण अजून वर्षाने तुझं बाळ खालच्या उघड्या दारावर पाय देऊन उभं राहील. त्याशिवाय टाकीची नळी मोरीत सोडलेली, आणि बटणं आईंना स्टुलाशिवाय गाठता येतात की नाही ते पाहिलेलं. स्टूल ही पळवाट मला चालणार नाही. ओल्या ढाळावर सत्तरीकडे झुकलेल्या बाईंना स्टुलावर चढवायचं नाही.

आणि तिसरी शक्यता, जिचा तू विचारच केला नाहीस. तुमच्या बैठकीच्या गॅलरीत पश्चिमेचं ऊन येतं, मी चारला आले तेव्हा सबंध गॅलरी उन्हाने भरली होती. ऑक्टोबर ते मे ड्रायर लागणारच नाही कदाचित. दोरीने खालीवर होणारी छताची दांडी लाव, कमरेपर्यंत खाली येते, खांदा उचलावा लागत नाही. मग ड्रायर सात किलोचाच हवा की लहान पुरतो, चार महिन्यांसाठी घ्यायचाच का, हे सगळं नव्याने बघावं लागेल. बघ. मी उत्तर देत नाही. मी तुला कधीच उत्तर दिलं नाही, पद्धत दिली, आणि तू ती वापरलीस म्हणून इथवर आलास. म्हणूनच काल तुझ्या तोंडून "आसपास" ऐकून मला लागलं.

रविवारी सकाळी दहाला मी येते आहे. तोवर ऑर्डर थांबव. अडगळ हलवून ठेव, रद्दीवाला शनिवारी येतो. सिलिंडर आजच तिथून काढ. मोजपट्टी आणि पाणसळ विकत आण, शेजाऱ्यांची मागू नकोस, घरात असायलाच हवीत. आणि मी येण्यापूर्वी एक माप तू स्वतः घेऊन ठेव. आईंना भिंतीशी उभं कर, उजवा हात दुखल्याशिवाय जिथवर जातो तिथे पेन्सिलीने खूण कर, आणि जमिनीपासूनचं अंतर वहीत लिही. सेंटिमीटरमध्ये.